अमावास्येच्या चिंबोऱ्या

पहिल्या रात्री हजार सोडल्या मी,
पडद्यावरच्या. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर.
करारात लिहून टाकलं : यापुढे एकही नाही.
आणि दर अमावास्येला चाळीस जाळायच्या,
म्हणजे अशा पत्त्यावर धाडायच्या
ज्याची किल्ली कुणी घडवलीच नाही.
उरलेल्यांचा भाव चढतो.

"धूर येतो का रं?" आईनं विचारलं,
वेसाव्याच्या धक्क्यावर टोपली उपसताना.

नाही, म्हटलं.

तिनं एक उचलली, उलटी करून पाहिली.
पोटाखाली अंडीच अंडी.
गिऱ्हाईक पैसे काढून उभं,
अन् हिनं ती परत खाडीत टाकली.

आज अमावास्या.
यादीत सातशे अठरा नंबर आलाय.
बटणावर बोट ठेवून बसलोय.
भरती लागायला अजून तासभर आहे.