पाचवा फिल्टर

टेलिफोन कंपनीने माणूस नाही पाठवला, खोकं पाठवलं.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला खोकीच येतात.
पोस्टातल्या ग्वेनने ते काउंटरवरून सरकवलं,
"घे, तुमचं इंटरनेट आलं. वजन काहीच नाही."
आत मोडेम, वायर, चार फिल्टर
आणि एक पत्रक,
ज्यातल्या चित्रातल्या घराला एकच भिंत होती.

आमच्या भिंतीला ड्रिल लावलं तर आधी भुसा आला,
मग वर्तमानपत्राचा कपटा:
खारवलेल्या कॉडचा भाव, तारीख फाटलेली.
बाबांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला,
"बरा होता भाव," म्हणाले,
आणि बोटाने परत भोकात कोंबला.

केबल त्यांनीच ओढली,
जिन्याखालून, लाकडाच्या स्टोव्हपासून हातभर लांब.
खिळे नकोत म्हणाले.
दर दोन फुटांवर सुतळी,
दर सुतळीला जाळ्याची गाठ.

मी जमिनीवर बसून आकडे टाकत होते,
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
"कुठलं बंदर हे?"
आपल्याच घराचं, बाबा. दाराचा आकडा.
"आपल्या दाराला आकडा कधी लागला?"

पिंग मात्र त्यांना लगेच उमगलं.
आवाज खाली सोडायचा,
परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं.
चाळीस मिलिसेकंद.
"म्हणजे तळ आहे," ते म्हणाले. "दगडाळ की चिखल?"
मला सांगता आलं नाही.

पासवर्ड म्हणून होडीचं नाव दिलं,
मासेमारी बंद झाली त्या वर्षी विकलेल्या.

मग अल्बर्टाहून क्लेटस दिसला, दाढीवाला,
चौकोनाचौकोनांनी जुळत गेलेला.
बाबा खुर्ची मागे घेऊन बसले,
जणू तो पडद्यातून पाय पसरणार होता.

पण रोज सव्वासहाला क्लेटस गोठायचा,
तोंड उघडं, घास अर्ध्यावर.
मी केबल बदलली, मोडेम हलवला,
कंपनीतल्या मुलीशी तासभर बोलले.
"घरात अजून एखादा फोन आहे का, मॅडम?"
स्वयंपाकघर, जिना, बाबांची खोली, माझी.
चार फोन, चार फिल्टर. हिशेब चोख.

पाचव्या दिवशी मी दिव्यावरच नजर ठेवून बसले.
सव्वासहा. हिरवा दिवा लुकलुकला, विझला.
खिडकीबाहेर, धुक्यात,
जाळ्यांच्या शेडमध्ये पिवळा उजेड.

भिंतीवरून गेलेली वायर, रंगाचे थर चढून भिंतच झालेली.
तिच्या टोकाला काळा फोन, बाबांच्या कानाशी.
ते बोलत नव्हते.

आई इथेच फोन करायची.
ठरलेले तीन आकडे फिरवून ठेवून द्यायची,
की आपल्याच लाइनवरचे सगळे फोन वाजत.
म्हणजे जेवण वाढलंय.

"लाइन चालू आहे का ते बघतो," बाबा म्हणाले,
आणि मग, "मी काही बिघडवतोय का?"
नाही. एक फिल्टर कमी आहे.

सत्तर किलोमीटरवर मिळाला, आठ डॉलरला.
मी तो लावला. त्यांनी फोन कानाला धरला, बराच वेळ.
"खरखर गेली," म्हणाले.
गेली ना?
"हो. गेलीच."

रविवारी मी निघाले.
सोमवारी क्लेटसचा फोन: पुन्हा तेच, सव्वासहाला.
मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, फिल्टर खिळ्याला टांगलाय,
सुतळीने, हरवू नये म्हणून.

आता क्लेटस सहा वाजून चौदा मिनिटांनी म्हणतो,
"जा बाबा, मी आहे,"
आणि तेवढ्यात आपलं ताट घेऊन येतो.