तीनशे तेरापर्यंत

उद्यमनगरात भंगारात आलेल्या ऑइल इंजिनावर
पितळेची पट्टी होती. तिच्यावर आकडा:
९६९९६९१.
शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे एक्क्याण्णव.
दस्तगीरमामा शिकलगारांनी ती छिन्नीनं उचकटून घेतली
आणि इंजिन जाऊ दिलं.

मी शेजारच्या फौंड्रीत हिशेबाला होते.
मामा हत्यारांना धार लावायचे.
दगडावर ठिणग्या, पुढ्यात वजनकाट्याच्या जुन्या पावत्या,
पाठकोऱ्या बाजूला भागाकार.
"दोनानं एक उरतोय. तिनानं एक. पाचानं एक.
सातानं बी एकच."
अकरा, तेरा, सतरा, एकोणीस,
आठही जणांनी ताटात एकेकच घास ठेवला
आधी बोलणं झाल्यासारखा.
मग मामांनी आठांचा गुणाकार केला आणि हसत सुटले:
आकडा त्याहून बरोब्बर एकानं मोठा.
"हा एक नसता, पोरी, तर सगळे आत शिरले असते."

तेवीस. उरले सोळा.
एकोणतीस: तीन. एकतीस: आठ.
आता ज्याची बाकी त्याच्यापाशी.
मूळ संख्याच घ्यायच्या, इतरांच्या दारात जायचं नाही.
"सहाला कशाला विचारू?
दोन न्हाई म्हणाला, म्हणजे घरच न्हाई म्हणालं."

दिवाळी गेली. गुऱ्हाळं पेटली,
रात्रपाळीला वाऱ्यावर काकवीचा वास.
शंभर ओलांडले. दोनशे ओलांडले.
तीनशे तेराशी पेन्सिल थांबली,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.
"ह्यो फुटायचा न्हाई. मूळ हाय."
पट्टी घासूनपुसून ग्राइंडरच्या वर ठोकली.

मी गप्प बसायला हवं होतं.
पण मार्चअखेर, ताळेबंद जुळेना,
तेव्हा मोबाइलवर सहज बोट चालवलं.
तीनशे सतरा, नाही.
तीनशे एकतीस. तीनशे सदतीस.
तीनशे सत्तेचाळीस,
आणि दशांशचिन्ह आलंच नाही.
२७९५३.

चार पावलं राहिली होती.

गंगावेशीत म्हशीपुढं उभे होते मामा,
ग्लासात धारोष्ण, मिशीवर फेस.
सांगितलं.
ते बराच वेळ म्हशीकडंच बघत राहिले.
"धाकटा मूळच. थोरला?"
"बघावं लागेल," मी म्हणाले. "परत दोनापासून."
"परत कशापायी?
थोरल्याला जो फोडंल, त्यो आख्ख्या आकड्याला बी फोडंल.
आणि आख्ख्याला मी विचारून आलोय की,
तीनशे तेरापर्यंत."

मी तिथंच मनात वर्ग केला.
एकशे सदुसष्टच्या पुढं जायचं कारणच नव्हतं.
न गेलेला एकेक भागाकार,
पावत्यांच्या गठ्ठ्यात, तेलाच्या बोटांचे ठसे घेऊन,
कधीचा साक्ष देत पडला होता.

मामांनी मिशी पुसली.
"आता दुधाचं पैसं तू दे."