गुणसूत्राचं नाव सापडलं नाही

पाच वाजता लावलेला प्रोग्रॅम
सहा मिनिटांत संपला. इतक्या लवकर संपणं चांगलं नसतं.
फाईल उघडली: त्रेचाळीस लाख ओळी,
आणि प्रत्येकीसमोर एकच तक्रार,
गुणसूत्राचं नाव सापडलं नाही.

भांडण तीन अक्षरांचं होतं.
मशीनवाल्यांनी लिहिलेलं ‘सीएचआर तेरा’,
कोशात नुसतं ‘तेरा’.
तेच गुणसूत्र, तेवढीच लांबी,
पण सॉफ्टवेअरने ओळख दिली नाही.

बाबा असते तर हसले असते.
रावपुऱ्याच्या पोस्टात एकतीस वर्षं
त्यांनी पत्रं लावली.
बडोदे, बडोदा, वडोदरा, बरोडा,
एकदा मिरजेहून आलेल्या कार्डावर तर
‘सुरसागराच्या काठी, घैसासांना’, बस्स.
सगळी एकाच खणात.
पत्र लावणाऱ्याला गाव ठाऊक लागतं, म्हणायचे,
स्पेलिंग काय, कुणाचंही चुकतं.

मी तीन अक्षरं पुसली. एका ओळीची आज्ञा.
पुन्हा लावलं. या वेळी मशीनचे पंखे
बराच वेळ घरघरत राहिले.

खाली गोत्री रोडच्या मैदानात
गरब्याच्या माईकची चाचणी चालली होती.
एक, दोन. एक, दोन.
तीनपर्यंत कुणी जातच नाही.

मग टिपा येऊ लागल्या.
जीनच्या बाहेर. जीनच्या बाहेर.
दोन जीन्सच्या मधल्या माळरानात.
अक्षर बदललं, अर्थ तोच.
अक्षर बदललं, अर्थही हलला, परिणाम मध्यम;
तोच बदल दुसऱ्या पाठात बिनमहत्त्वाचा,
कुठला पाठ धरायचा ते तुम्ही ठरवा.
माझीही फाईल अशीच निघेल.
शुद्धलेखनाच्या चुका खच्चून भरलेल्या,
आणि तरी मी रोज डबा घेऊन कामावर येते.

तेराव्यावर थांबले.
ग च्या जागी अ.
आईकडून आलेल्या प्रतीत, वडिलांकडून आलेल्या प्रतीतही.
दोनशे सव्वीस मण्यांची माळ,
चोविसाव्या मण्याच्या जागी
‘थांबा’.
परिणाम: तीव्र.

सॉफ्टवेअर एवढंच लिहितं.
बहिरी हा शब्द त्याच्याकडे नाही.
तो फॉर्मवरही नव्हता. फॉर्मवर होतं
मुलगी, दोन वर्षं चार महिने, पादरा,
आणि समासात, रक्त घेता घेता
जिग्ना सोळंकीने गळक्या पेनाने उतरवून घेतलेलं
आईचं बोलणं:
ताट पडलं तरी वळून बघत नाही.
दिवसभरात वाचलेली
सगळ्यात नेमकी टीप तीच.

डॉक्टर मेकवानना फोन लावला.
आईबापांचं रक्त मागवू, त्या म्हणाल्या,
पण कानाच्या डॉक्टरांना आजच कळव,
मशीन लवकर बसलं तर बोलेल पोरगी.
बरं, म्हटलं मी,
आणि त्यांच्या त्या ‘तर’साठी
रिपोर्टात रकाना शोधत बसले.

रिपोर्टात नावाच्या जागी नमुना क्रमांक जातो.
मला नावाची गरज नव्हती.
तरी फॉर्म पुन्हा काढला.
आईने तीन ठिकाणी लिहिलेलं,
तीन तऱ्हेने:
हेतवी, हेत्वी,
आणि सहीशेजारी, घाईत, हेतू.

या तिन्ही नावांनी तिला हाका मारून झाल्या असणार.
मोठ्याने. मग आणखी मोठ्याने.
मग पाठीमागे उभं राहून टाळ्या.

खिडकी लावायला उठले.
लावली नाही.
एक, दोन.
एक, दोन.