चुंबक

सहा हजार दोनशे डॉलर,
बिस्किटांच्या डब्यात, रबर लावून.
त्यातले सहाशे नोंदणी-विम्याचे बाजूला काढायचे.
राहिले छप्पन्नशे.
आणि टायर गुळगुळीत निघाले तर?
कोरीन म्हणाली, तर डोंगर इथूनच बघायचे.

पोर्ट पिरीहून तासभराचा रस्ता.
मागच्या सीटवर टेस, नऊ वर्षांची,
मुठीत फ्रिजवरचं चुंबक, माशाच्या आकाराचं,
एक डोळा कधीच उडालेला.
काल रात्री शिकवलं होतं तिला:
पत्रा असेल तिथे मासा धरेल,
रंगाखाली लांबी भरली असेल तर सोडेल.

मर्व्ह नोस्केच्या अंगणात उभी होती ती.
पेट्रोल नावाची, डिझेल पिणारी,
ब्याण्णव सालची निसान.
एके काळी पांढरी. आता रंग विचारू नये.
काटा चार लाख बारा हजारांवर,
म्हणजे चंद्रावर जाऊन
परतीच्या वाटेला लागलेली.

मी खाली शिरलो, पाठीला खडी टोचत.
शिशाच्या कारखान्यात एकवीस वर्षं फिटर होतो,
गंज मला चुलतभावासारखा लांबूनही ओळखू येतो.
स्क्रूड्रायव्हरने चॅसिस टोचत गेलो.
एके ठिकाणी पापुद्रा सुटला, तोंडात पडला.
खारट.

"समुद्रावर नेली होती?"
"एकदाच," वरून बुटांनी उत्तर दिलं.
"एकदाच म्हणजे?"
"वर्षातून एकदाच."
बूट जरा सरकले.
"अशी बारा-तेरा वर्षं."

बाहेर टेस फेरी घालत होती.
बॉनेट, टक्.
पुढचं दार, टक्.
छपरापर्यंत हात पुरेना, कोरीनने उचललं, टक्.
डावं मागचं दार,
आणि मासा धुळीत.

तिने उचलला, पुसला, पुन्हा लावला.
पुन्हा धुळीत.
मग ती माझ्याकडे न बघता
सरळ मर्व्हकडे बघत राहिली,
शाळेत बाई बघतात तशी.

मर्व्हने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
"उडनाडाटाच्या रस्त्यावर. रात्रीची वेळ. उंट.
उंटाला काही झालं नाही.
ही कुशीवर आडवी झाली, माझ्या भावाच्या बाजूने.
हात मोडला त्याचा.
हात जुळून आला,
तो काही आला नाही."

घासाघीस मी पाठ करून आलो होतो,
गाडीत दोनदा म्हणूनही दाखवली होती.
एक वाक्य आठवेना.
"सहा सांगितले होते," मर्व्ह म्हणाला,
"चोपन्नशे द्या. वरचे सहाशे माशाचे."

कोरीनने बॉनेटवर नोटा मोजल्या,
प्रत्येक हजारावर एक खडा, वारा होता म्हणून.
त्याने एक ताडपत्री दिली, एक रेडिएटरचा पाइप,
आणि बिडाचं भांडं, झाकण नसलेलं.
झाकण भावाकडे आहे म्हणाला.

पहिला मुक्काम फ्लिंडर्सला करायचा होता.
झाला हमरस्त्यापासून दोन किलोमीटर आत,
कोरड्या नाल्याच्या काठावर,
कारण डिझेलला दोनशेच हाताशी होते
आणि ही बया ते दारुड्यासारखं ढोसते.
भांड्यावर ताटली झाकून बटाटे शिजवले.
वाळूची चव होती, सगळ्यांनी दोनदा घेतले.
लांबून तीन-तीन डब्यांचे ट्रक जात होते,
त्यांचे दिवे आधी यायचे, आवाज फार उशिरा.

"या बाजूला मी झोपणार," टेस म्हणाली,
आणि लांबी भरलेल्या दाराला पाठ लावून
माशासकट झोपली.

मध्यरात्री तिला लघवीला लागली.
तेव्हा कळलं,
ते दार आतून उघडतच नाही.
अंधारात एकमेकांच्या अंगावरून, गिअरवरून, भांड्यावरून
तिघंही पुढच्या दाराने बाहेर पडलो,
थंडीत अनवाणी.
कोरीनला हसू आवरेना.

मर्व्हला हे विचारायचं
राहूनच गेलं होतं.