सहा दिवस मासळीविना

पडवीत पाच जोड बूट उलटे आपटले
तेव्हा पडली ती वाळू
मोरजीच्या वाळूसारखी ओली, हट्टी नव्हती.
पिठासारखी सरकत उंबऱ्याकडे निघाली.
आई म्हणाली, राहू दे गं, आज नको झाडूस.
मग तासाभरानं तिनंच झाडली.

आता ती गॅसपाशी.
केर-सांगरी रात्रभर ताकात भिजलीय,
जैसलमेरच्या दुकानदारानं दोनदा बजावलं होतं तशी.
पण हात सवयीनं खोवणीकडे गेला.
दोन चमचे खोबरं, त्याला काय होतंय!
मग दोन सोलं.
मग, कोणी बघत नाही असं बघून, चार तिरफळं.
वाळवंटाची भाजी अकरा वाजेपर्यंत
निम्मी पेडण्याची झाली.
कुंपणापलीकडून नर्शाकाका ओरडला,
"वयनी, काड्यो शिजयता गो?"

सहा दिवस.
बाजरीची जाड भाकरी, तुपात बुडालेला गूळ,
लसणाची चटणी, जिनं उपेंद्रचे कान लाल झाले,
आणि गट्टे, ज्यांना मीनल शेवटपर्यंत
"पिठाचे बांगडे" म्हणत राहिली.
उंटावर ती बसली तेव्हा किंचाळली,
उतरली तेव्हा रडली, अजून एक फेरी म्हणून.
बाबांच्या दाढीच्या डब्यात सुकी सुंगटं होती.
कुणाला पत्ता नव्हता.
जीपवाल्या तगारामनं तीनदा काच खाली केली
आणि अदबीनं विचारलं,
साब, गाडीत उंदीर तर मेला नाही?

फोटोत हे सगळं आहे.
जे नाही ते असं :

फलोदीहून पुढं, बाप नावाच्या गावाजवळ
उजव्या हाताला एकाएकी पांढरे चौकोन.
बाबा म्हणाले, थांबव.
रस्त्यावरच चपला काढल्या,
आमच्या आगरात उतरताना काढतात तशा,
आणि उन्हात चालत गेले.
एक माणूस लांब दांड्यानं मीठ ओढत होता.
त्याची बोली बाबांना कळेना, बाबांची हिंदी त्याला.
बोलणं बोटांवर चाललं.
किती दिवसांनी धरतं? भाव काय देतात?
भावाला दोघांनी एकाच तऱ्हेनं हात झटकले.

पाणी कुठून आणता?
त्यानं खाली दाखवलं, जमिनीच्या पोटात.
आणि तुम्ही?
बाबांनी पश्चिमेकडे हात केला. शापोरा नदी.
ती कशी दाखवायची कोरड्या रानात?
"दरिया आता है. खुद."
"खुद?"
"हां. दिन में दो बार."
दोन बोटं वर.

तो माणूस हसला.
बाबांकडे, मग आमच्याकडे, जीपकडे बघून हसला,
पर्यटक थापा मारतात हे त्याला ठाऊक असावं.
तरी एक खडा दिला,
उंटाच्या दाताएवढा, किंचित गुलाबी.
बाबांनी तो रुमालात बांधला
आणि जैसलमेर येईपर्यंत बोलले नाहीत.
किल्ला सोन्यासारखा पिवळा, आम्ही सगळे आ करून,
ते मात्र एका हवेलीच्या दगडात रुतलेला
शिंपला नखानं टोकरत उभे.
"इथंसुद्धा यायचा म्हणजे," एवढंच.

दुपारी पानं वाढली.
भाजीत आज कुठलं मीठ, आई सांगत नाही.
बाबा दोन घास खातात, थांबतात,
तिच्याकडे बघतात, परत खातात.
उपेंद्र म्हणतो, यंदा तरी आगर सोडा, बाबा,
गुडघे बघा तुमचे.
कोणीच उत्तर देत नाही.
मीनल विचारते, संध्याकाळी बांगडे आहेत ना?
आहेत. नर्शाकाकानं पाठवलेत, सात.

मी हात धुवायला मागं येते
तर बाबा बांधावर, उष्ट्या हातानंच.
मानशीच्या फळ्यांखालून
नदी आत येतेय, चिखलाचा वास घेऊन,
एक प्लास्टिकची बाटली आणि थोडं शेवाळ ढकलत.
ते उजवा हात वर करतात.
दोन बोटं.
समोर फक्त एक बगळा आहे.