कोरं कार्ड

न्खोटाकोटाच्या काठावर
होडीमालकांची कार्डं वेगळी:
जाळ्याचा डोळा, बंदीचे महिने, परवान्याचे क्वाचा.
पत्ते टाकावेत तसे ते पटापट निवडतात.

तीच कार्डं उसिपा वाळवणाऱ्या बायकांपुढे मांडली,
तर एकारी म्हणाली,
"परवाना आमच्या नावावर असतो तरी कधी?"

रात्री कंदिलाशी बसून
मी परवाना खोडला.
तिथे काढला सरपणाचा भारा, चालायचं अंतर,
आणि होडी लागली की पहिले मासे
कोणाच्या टोपलीत.
आकडे नाहीत, नुसते ठिपके.

सकाळी तिनं 'अ' पाहिलं, 'ब' पाहिलं,
दोन्ही वाळूत उपडी घातली.
"आणि 'यांपैकी काहीच नाही' हे
कोरं का ठेवलंस?
काहीच नाही म्हणजे काय, ते मला विचार."

धुरीच्या चुलीतला कोळसा घेऊन
तिनं एक गोल काढला.
गोलाभोवती सहा रेघा.
सातवी जरा लांब.

माझ्या तक्त्यात सातवीला रकाना नव्हता.
कोण, ते विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या संचात
त्या कार्डाला मी
दोऱ्यानं कोळशाचा तुकडा बांधला.
होडीमालकांच्यासुद्धा.