खाडीत बांधलेलं लाकूड

उस्मान सोलकरांच्या कारखान्यातून
शेवटचा लाकडी ट्रॉलर पाण्यात गेला
त्याला अकरा वर्षं झाली.
आता फायबरच्या होड्या निघतात साच्यातून,
इडल्या सुटाव्यात तशा.
वाकस खुंटीला. दांड्यावर कोळ्याचं जाळं.

मी पालथ्या फळीवर नकाशा उलगडला:
नगरपरिषदेचं वाचनालय, तीन मजले.
खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या,
पायाखालची जमीनसुद्धा.
फक्त पाया आणि जोतं जांभ्याचं.
त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले,
"बाय, सिमेंट संपलं काय रत्नागिरीतलं?"

मी सांगू लागले,
गोणीमागे जवळजवळ गोणीभर धूर येतो, न दिसणारा.
आणि झाड हवेतून जे पितं
ते फळीत राहतं,
जोवर फळी जळत नाही, कुजत नाही.

"जोवर," ते म्हणाले.
एवढाच शब्द उचलला त्यांनी,
वखारीत वासा उचलून
एका डोळ्यानं त्याचा बाक बघावा तसा.

मग वाळवी आली, खारं वारं आलं,
आणि झाडं कुणाची, हा प्रश्न.
"ऐनाला हात लावशील तर मी नाही.
किंजळालाही नाही. उरलेत किती?"
म्हटलं, सड्यावरची अकेशिया. लावलेली. वीस वर्षांची.
पातळ फळ्या, थरावर थर, मध्ये गोंद, वर दाब.
"गोंद!"
त्यांच्या अब्बांनी गोंदावर कधी
होडी सोडली नव्हती.

तीन तुकडे ठेवून घेतले.
नारळी पौर्णिमेला राजिवड्याच्या धक्क्याखाली
दोरानं बांधले, भाट्याच्या खाडीत,
आणि मला म्हणाले, आता दिवाळीनंतर ये.

दिवाळीनंतर दोर ओढला.
हिरवी बुळबुळ, वर कालवांची पुटं.
एक तुकडा वहीसारखा उलगडला होता.
दोन नव्हते.
त्यांनी अकरा वर्षांनी वाकस काढली,
कोळ्याला हलक्या फुंकरीनं बाजूला केलं
आणि घाव घातला. आत कोरडं.
वाचनालयाबद्दल अवाक्षर नाही.
फक्त विचारलं, "हा उलगडलेला कुणी चिकटवला?
त्या दिवशी घाईत होता तो."

मग बोटानं, फळीवरच्या भुशात:
खांबाचा पाय जमिनीपासून हातभर वर.
कुसू आरपार, वर लाकडाची खुंटी.
"गोंद असू दे. पण खुंटीला माहीत नको,
की गोंद आहे."

अग्निशमनचं पत्र तीनदा परत आलं.
चौथ्यांदा त्यांनी घरच्या चुलीत
तुळईचा एक जाड ठोकळा तासभर ठेवला,
बाहेर काढून विझवला, चाकूनं काळं खरवडलं.
बोटभर कोळसा. आत लाकूड, तसंच.
वर्तमानपत्रात गुंडाळून साहेबांना पाठवला.
तो फाईलला जोडता येईना,
म्हणून साहेबांच्या टेबलावर आहे,
आमच्याच अर्जावर, वारा सुटला की.

मंजुरी अजून नाही.
मी रोज सांगत नाही, ते रोज विचारत नाहीत.
पण साच्यांच्या मागे, पत्र्याखाली
खुंट्यांची रास वाढतेय.
तासताना ते एकेक खुंटी कानापाशी नेतात,
नखानं वाजवतात. काही बाजूला पडतात.
का, ते सांगत नाहीत.

काल त्यांना स्कूटरवर मागे बसवून
हातखंब्यापर्यंत गेले होते.
पुढे जळाऊ लाकडाचा ट्रक, ताडपत्रीबाहेर
ओंडक्यांची ताजी, लालसर तोंडं.
घाटावरच्या कुठल्याशा बॉयलरला चालला होता,
रोज जातात तसा.
"थांब जरा," ते म्हणाले.
मी वेग कमी केला. ट्रक वळणापर्यंत दिसत राहिला.

"ह्यात एक जिना होता," ते म्हणाले.

पुढे काही बोलले नाहीत.
माझ्या खांद्यावर त्यांचं बोट
मध्येच थोडं उचललं जायचं, पुन्हा टेकायचं.
पायऱ्या मोजत असावेत.